ड्रायसूट : गळपट्टीची काळजी

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये सागरी कयाकिंगसाठी घेतलेल्या ड्रायसूटची गळ्याची रबरी पट्टी वर्षभरातच चिकट होऊन फाटली. असे का व्हावे?

उत्तर : ड्रायसूट म्हणजे गळा व मनगटे यांवर घट्ट बसणाऱ्या, बहुधा लॅटेक्सच्या पट्ट्यांनी आणि जलरोधक चेनने पाणी बाहेर रोखणारा पोशाख. पातळ कापडाच्या सूटमध्ये ऊब मुख्यतः आतल्या फ्लीसच्या कपड्यांनी मिळते, त्यामुळे १५ अंशांखालील पाण्यात ते कपडे टाळणे धोक्याचे ठरते. लॅटेक्स, म्हणजे नैसर्गिक रबर, ऊन, ओझोन आणि तेलकट पदार्थ यांनी कुजते, आणि पट्टी चिकट होण्यामागे मानेवरचे सनस्क्रीन असू शकते. घालण्यापूर्वी दागिने व घड्याळ काढून पट्टीला सुगंधविरहित टाल्क लावावे, बोटांच्या पेरांनी, नखे न टेकवता, ती आतून ताणावी आणि मगच डोके घालावे. चेन शेवटच्या दातापर्यंत बंद झाल्याची खात्री सोबत्याकडून करून घ्यावी, कारण अर्धवट चेनमधून शिरणारे पाणी जिवावर बेतू शकते. त्यानंतर खाली बसून, गळपट्टी किंचित उघडून आतली जास्तीची हवा बाहेर काढावी. सूट काढताना पट्टीचे टोक ओढण्याचा मोह अनेकांना होतो आणि पट्टी तेव्हा फाटू शकते, म्हणून दोन्ही हात आत सरकवून ती रुंदावणेच योग्य. वापरानंतर सूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. पितळी चेनला मेण, तर प्लॅस्टिकच्या चेनच्या टोकाला उत्पादकाने सुचवलेले ग्रीस लावावे.