जुनिपर : नाव आणि वनस्पती

दिल्लीच्या उत्तर रिजवर 'हिंदूराव' नावाचे रुग्णालय असून परिसरही त्याच नावाने ओळखला जातो. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव, म्हणजे बायजाबाई शिंदे यांचे बंधू, यांची हवेली या टेकडीवर होती. १८५७ च्या उठावात ती ब्रिटिश फौजेचे ठाणे बनली. नाव टिकले, त्यामागची व्यक्ती मात्र विस्मरणात गेली.

वनस्पतींच्या नावांचेही असेच घडते. रिजवर माजलेली 'विलायती कीकर' ही खरी कीकर, म्हणजे बाभूळ, नव्हे. टेकडी उतरून खारी बावलीच्या बाजारात गेल्यास जडीबुटीच्या दुकानांत 'हाऊबेर' नावाची निळसर काळी, वाटाण्याएवढी सुकी 'फळे' मिळतात. त्यांचे बोराशी नाते नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती फळेही नव्हेत. जुनिपर ही अनावृतबीजी वनस्पती असल्याने तिला फळ धरत नाही. मादी शंकूचे खवले मांसल होऊन एकमेकांत मिसळतात व फळाचा आभास निर्माण होतो. परीक्षार्थींनी हा भेद अवश्य ध्यानात ठेवावा.

आयुर्वेदात हिला 'हपुषा' म्हणतात, तर लडाखमध्ये जुनिपर 'शुक्पा' होतो. इंग्रजीत त्याच्या काही जातींना 'पेन्सिल सिडार' म्हटले जाते. परंतु खरा सिडार म्हणजे आपला देवदार, आणि त्याचे कुलही निराळे. लिनियसने १७५३ मध्ये 'ज्युनिपेरस' हे प्राचीन लॅटिन नावच प्रजातीसाठी स्वीकारले. 'तरुण प्रसवणारा' असा त्याचा अर्थ काहीजण लावतात. जुने शंकू पिकत असताना त्याच फांदीवर नवे धरतात, हे पाहता कल्पना आकर्षक वाटते; मात्र ही व्युत्पत्ती निर्विवाद नाही. डच भाषेतील 'येनेव्हर' या रूपातून 'जिन' हे मद्याचे नाव आले, हे मात्र निश्चित.

सायप्रस कुलातील या प्रजातीच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. सामान्य जुनिपर बहुधा झुडूपवजा असतो व त्याचे शंकू पिकण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. पश्चिम हिमालयाच्या शुष्क पट्ट्यातील काही जाती वृक्षरूप धारण करतात. तिबेटी जुनिपर सुमारे ४,९०० मीटर उंचीपर्यंत वृक्षरूपात आढळला आहे. उत्तर गोलार्धातील ही सर्वोच्च ज्ञात वृक्षरेषा होय.

लडाखमधील हेमिस शुक्पाचन या गावाच्या नावातच शुक्पा आहे. तेथील राई पवित्र मानली जाते. या वृक्षाच्या पानांचा धूप मठांत व घरोघरी जाळतात. वृक्षविरळ शीत वाळवंटात धूप, सरपण व इमारती लाकूड या तिन्ही गरजांचा भार याच झाडावर पडतो. त्याची वाढ अत्यंत मंद असते. बियांची सुप्तावस्था दीर्घ असल्याने रोपे तयार होण्यासही विलंब लागतो.

येथे नावाचा प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही. 'हाऊबेर' म्हणून शंकू वेचताना ते झुडपाचे की वृक्षाचे, हे बाजारातील नाव सांगत नाही. वृक्षाचे शंकू गेले, तर त्यासोबत त्या राईचे बीजही जाते. म्हणून रोपवाटिकेच्या व औषधी संकलनाच्या नोंदीत स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नाव, संकलनाचे ठिकाण आणि उंची लिहिणे आवश्यक ठरते.