वारा येतो, ऊब येत नाही

प्रश्न : आमची पेट्रोलवरची छोटी गाडी सात वर्षांची आहे. आईला महिन्यातून दोनदा सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं. नंबर लवकर लागावा म्हणून हिंगणघाटहून पहाटेच निघतो. यंदा हीटर लावला की वारा जोरात येतो, पण गारच. मिस्त्री म्हणतात, डॅशबोर्ड उतरवून हीटर कॉइल बदलावी लागेल. खर्च बराच सांगितला आहे. मे महिन्यात गाडी तापत होती, तेव्हा एक काम करून घेतलं होतं. तेव्हापासून गाडी अजिबात तापत नाही, काटा खालीच असतो. मग हीटरच कसा बिघडला?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : डॅशबोर्ड उतरवू देऊ नका, निदान आत्ताच नको. काटा खालीच असतो हे तुम्ही समाधानाने लिहिलं आहे, पण मला दुखणं तिथेच दिसतं.

पेट्रोल गाडीच्या हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ती उष्णता उचलून नेण्यासाठी इंजिनभोवती कूलंट फिरतं, आणि त्याचाच एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून जातो. मिस्त्री ज्याला हीटर कॉइल म्हणतात ती हीच. ब्लोअर तिच्यावरून हवा फेकतो. कूलंट ८०-९० अंशांवर असेल तर हवा ऊबदार येते. कूलंटच कोमट असेल तर कॉइल नवी टाकली तरी गारच वारा येणार.

कूलंटला या तापमानावर धरून ठेवतो तो थर्मोस्टॅट, गॅरेजच्या भाषेत थर्मोस्टॅट वॉल. तळहातावर मावेल एवढी ही वस्तू आहे. तिच्या पोटात तांब्या-पितळेची एक कुपी असते आणि कुपीत मेण. इंजिन थंड असताना वॉल बंद असतो, त्यामुळे कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, गाडीगणिक थोडा फरक, मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि वॉल उघडतो. मग रेडिएटर कामाला लागतो. यात वीज नाही, संगणक नाही. मला ही रचना फार आवडते. घरी एका पातेल्यात पाणी घेऊन, त्यात दोऱ्याने वॉल लोंबकळत ठेवून आणि शेजारी थर्मामीटर धरून मी ती पाहिली आहे. पाणी तापत जातं, बराच वेळ काही हालत नाही, आणि मग वॉलवर कोरलेल्या आकड्याच्या जवळपास चकती हळूहळू वर उचलली जाते. गॅस बंद केला की ती तशीच खाली बसते.

आता मे महिन्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत गाडी तापली की एक झटपट इलाज सर्रास केला जातो : वॉल काढून फेकायचा. वॉल नाही म्हणजे अडथळा नाही आणि कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहणार, असा त्यामागचा हिशेब. तुमच्या गाडीत हेच झालं असावं, अशी माझी दाट शंका आहे. वॉल अडकून बंदच राहत असेल, तर तो काढल्यावर गाडी तापायची थांबते हे खरं. पण तिथे नवा बसवायला हवा, जागा रिकामी ठेवायची नसते. आणि वॉल चांगला असेल, तर ४५ अंशांच्या उन्हात तो आधीच पूर्ण उघडलेला असतो. तो काढून फारसं काही साधत नाही. काही इंजिनांत हाच वॉल उघडताना आतल्या आडवाटेचं तोंड बंद करतो. तिथे वॉल काढला की कूलंट रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच शिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

जानेवारीच्या पहाटे, बाहेर दहा-बारा अंश असताना, बिनवॉलचं इंजिन कूलंट तापू देत नाही. इंजिन थंड आहे असं समजून संगणक पेट्रोल जास्त सोडतो, त्यामुळे ॲव्हरेज घटतं आणि ऑइलही लवकर खराब होतं. बऱ्याच गाड्यांत यासाठी ‘पी०१२८’ हा कोडही नोंदला जातो. स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये तो पाच मिनिटांत वाचता येईल.

तुम्हाला स्वतःलाही तपासता येईल. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करा, बॉनेट उघडा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होज पाइपला हात लावा. बऱ्याच गाड्यांत वॉल ठीक असेल तर हा पाइप काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम गरम होतो. तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही. हात पंख्यापासून लांब ठेवा, कारण इंजिन बंद असतानाही तो आपोआप फिरू शकतो. आणि गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून तोंड-हात भाजतात.

समजा, वॉल जागेवर निघाला आणि काटाही मधोमध येतो. तर मग इंजिनकडून डॅशबोर्डमागे जाणारे दोन बारीक पाइप शोधा आणि गाडी तापल्यावर, हीटर पूर्ण लाल बाजूला ठेवून, फडक्याने हळूच चाचपा. दोन्ही गरम असतील तर कॉइल निर्दोष आहे. गरम-थंड हवा मिसळणारा आतला फ्लॅप किंवा त्याची केबल अडकली आहे. एक गरम आणि एक गार असेल, तर कॉइल तुंबली आहे किंवा ज्या गाड्यांत वाटेवर नळ असतो तिथे तो बंद आहे. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप थकला आहे. रेस दिली की ऊब येते आणि गाडी उभी राहिली की जाते, डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू येते, ही हवा अडकल्याचीच खूण. गॅस किट बसवलेल्या गाड्यांत एक जागा आणखी बघा : किटच्या रेड्यूसरला गरम ठेवण्यासाठी हीटरच्याच पाइपला जोड दिलेला असतो, तो चुकीचा बसला की कॉइल उपाशी राहते.

खरोखर फुटलेली कॉइल लपत नाही. पुढच्या सीटखालचं मॅटिंग ओलं लागतं, गाडीत गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट थर धरतो. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

कॉइल तुंबते ती बहुतेक पाण्यामुळे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, तोच कॉइलच्या बारीक नळ्यांत बसतो. उन्हाळ्यात वाटेवर कुठेही बाटलीभर पाणी ओतलं जातं आणि कूलंट पातळ होत होत शेवटी नुसतं पाणीच उरतं. कूलंट आपल्याकडे गोठू नये म्हणून घालायचं नसतं. ते पाण्याचा उकळबिंदू वाढवतं आणि गंज रोखतं. कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात मिसळूनच भरा. ते विषारी असतं आणि चवीला गोड, म्हणून सांडलेलं लगेच धुऊन टाका; कुत्री-मांजरं ते चाटतात.

मग मे महिन्यात गाडी तापत का होती? हे शोधायचं राहूनच गेलं, याचं मला जास्त वाईट वाटतं. तुमच्या गावी कापसाच्या जिनिंग आहेत. अशा भागात फिरणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत धुळीबरोबर रुई चिकटून नमद्यासारखा थर झालेला मी पाहिला आहे. हवाच आत जात नाही, मग गाडी तापणारच. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांमधली फट टॉर्च लावून बघा. पंखा, झाकणाचं रबर आणि गळतीही तपासा. कूलंट सारखं कमी होत असेल आणि खाली थेंबही दिसत नसेल, तर हेड गॅस्केट तपासायलाच हवं, त्यात दिरंगाई नको.

हीटर दुरुस्त करणं ही चैन आहे असं घरात कोणी म्हणालं, तर ऐकू नका. धुक्यात चार माणसं बसलेल्या बंद गाडीची काच आतून धुरकटते, तेव्हा एसी आणि हीटर एकत्र लावल्याने ती सर्वांत लवकर स्वच्छ होते. एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर काच ऊबदार ठेवतो. आणि उन्हाळ्यात घाटात किंवा गर्दीत काटा लालकडे सरकला, तर हीटर पूर्ण सोडल्याने इंजिनाला थोडी उसंत मिळते, कारण कॉइल तेव्हा दुसऱ्या रेडिएटरचं काम करते. म्हणून ‘कॉइल काढून दोन्ही पाइप आपसात जोडून देतो’ असं कोणी सुचवलं, तर तेही नाकारा.

मिस्त्रींना आधी एवढंच विचारा : मे महिन्यात वॉल काढला होता का? हो म्हणाले, तर जुना शोधू नका. तुमच्या इंजिनाला सांगितलेल्या अंशांचा नवा वॉल आणि त्याची नवी रबरी रिंग घ्या. छोट्या गाड्यांना हे काम डॅशबोर्ड उतरवण्याच्या मानाने फार स्वस्तात पडतं. जुनं पाणी काढून कूलंट भरून घ्या आणि भरताना आतली हवा नीट काढायला सांगा. पुढच्या वेळी आईंना घेऊन पहाटे निघाल, तेव्हा वायगाव येईपर्यंत काटा मधोमध आलेला असला पाहिजे.