बेळगावचा इतिहास : किल्ल्यातून मैदानाकडे

बेळगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी सीमाप्रश्न आठवतो, मग कुंदा. दोन्ही खरेच आहेत. पण एवढ्यावर शहर कळत नाही. कुठल्याही शहराचा अभ्यास करायचा तर तिथला किल्ला, तिथली पुस्तकं आणि तिथलं मैदान अशा तीन जागा बघाव्यात असं मला वाटतं. पहिल्या दोन आपण वर्गात शिकतो. तिसरी राहून जाते. मी मच्छेचा, शहराला खेटून राहणारा, म्हणून हा छोटा प्रयत्न.

आधी किल्ला. जुन्या शिलालेखांत गावाचं नाव 'वेणुग्राम' येतं, म्हणजे वेळूचं गाव. सौंदत्तीच्या रट्ट राजांनी आपली राजधानी इथं आणली. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची. पुढं यादव आले, मग बहमनी वजीर महमूद गवान, मग आदिलशाही. सफा मशीद आदिलशाहीतली. त्यानंतर मराठे आणि १८१८ पासून इंग्रज. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद याच किल्ल्यात हरिपद मित्रांकडं राहिले होते. आज एकाच तटाच्या आत जैन बस्ती, मशीद आणि रामकृष्ण आश्रम आहेत. १९२४ चं काँग्रेस अधिवेशनही बेळगावचंच. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन.

आता पुस्तकं. १९४६ चं मराठी साहित्य संमेलन इथं भरलं. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राची मागणी या संमेलनानं उचलून धरली. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. ती सल घराघरांत अजून आहे. पण याच गावात इंदिरा संत कविता लिहीत होत्या, आणि त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी लंपनला जी भाषा दिली ती 'वनवास' उघडून बघा. मराठीच, पण कन्नडचा हेल घेतलेली. आमच्याकडं सगळे तसंच बोलतात की! लंपन वाचताना आम्हाला शब्दार्थ लागत नाहीत.

आणि तिसरं, मैदान. फडेप्पा दारेप्पा चौगुले हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती बघून दोराबजी टाटांनी हा ध्यास घेतला होता. त्या लहानशा संघात बेळगावचे चौगुले होते. ते मॅरेथॉन धावले. ती शर्यत नेहमीच्या अंतरापेक्षा लांब, सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटं आणि काही सेकंदांत ती पुरी केली आणि एकोणिसावे आले. पारतंत्र्यातल्या देशातून बोटीनं गेलेला धावपटू हा!

त्यांचं नावच बघा. फडेप्पा, दारेप्पा यांत कन्नड वळणाचा 'अप्पा', आणि आडनाव चौगुले. हे नाव कुठल्या भाषेच्या रकान्यात घालणार?

पुढची उदाहरणंही कमी नाहीत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या हॉकी संघात बेळगावचे बंडू पाटील होते. त्याच संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण हे मूळचे महूचे, पण सैनिक मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि त्या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवलं ते तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं. तुरमुरी आमच्या तालुक्यातलंच गाव. फुटबॉल इथं रुजला तो लष्करी कॅम्प आणि मिशनच्या शाळांमुळं. १८५६ पासूनच्या सेंट पॉल्स शाळेचं नाव त्यात पहिलं घ्यावं लागतं. तिथं बॉल मागताना पोरं एकाच वाक्यात मराठी, कन्नड, उर्दू आणि कोंकणी वापरतात, आणि पास बरोबर पोचतो.

सीमाप्रश्न संपला असं मी म्हणत नाही. ज्यांनी त्यासाठी तुरुंग भोगला, त्यांच्यासमोर मी कोण? पण आमच्या पिढीला गावाची ओळख फक्त भांडणातून झाली, तर चौगुले आमच्या हातून सुटतील. मराठीवाले म्हणतील नाव कन्नड आहे, कन्नडवाले म्हणतील आडनाव मराठी आहे, आणि ऑलिंपिक धावलेला माणूस मधल्या मध्ये कुणाचाच राहणार नाही.

म्हणून वाङ्मय मंडळाच्या मित्रांना एक विनंती. या सुट्टीत प्रत्येकानं आपल्या गावच्या एका जुन्या पैलवानाला, खेळाडूला किंवा तालमीच्या वस्तादाला गाठावं. ते बोलतील त्याच बोलीत लिहून घ्यावं. मधले कन्नड शब्द काढू नयेत, प्रमाण मराठी करत बसू नये. पुढच्या अंकात ते छापू. मी मच्छेपासून सुरुवात करतोय.