मॉडेल रॉकेट: आधी किट, मग गोंद

अमेरिकेतल्या हॉबीच्या दुकानात मुलांचा हात सर्वांत उंच, चकचकीत रॉकेटकडे जातो. पहिल्या खेपेला ते परत जागेवर ठेवायला लावा. 1958 साली सुरू झालेल्या एस्टीज कंपनीचं ‘अल्फा’ घ्या. कागदी नळी, बाल्सा लाकडाचे तीन पंख, 18 मिलिमीटरची मोटर. ‘अल्फा-3’मध्ये पंख तयार प्लॅस्टिकचे मिळतात, काम तासाभरात उरकतं, पण पंख बसवायचा सराव होत नाही, आणि सगळी कला तिथेच आहे. त्यानंतर ‘बिग बर्था’ घ्यावं. ते जाडजूड, सावकाश वर चढणारं, म्हणून शेवटपर्यंत नजरेत राहतं. मोटर कारखान्यात बनलेलीच वापरायची. घरी दारू भरायचा विचारही करू नका.

आता गोंद. कागद आणि लाकूड यांना साधा पांढरा गोंद लागतो: आपल्याकडे फेव्हिकॉल, तिकडे एल्मर्स. तो तंतूंमध्ये मुरतो. नीट वाळलेला सांधा ओढून पाहा; सांधा सुटत नाही, कागदाचा पापुद्रा निघून येतो. सुतारकामाचा पिवळा गोंद, म्हणजे टाइटबाँड, याच जातीचा, फक्त लवकर पकड घेतो.

हीच घाई मोटरचा सांगाडा नळीत बसवताना नडते. पिवळ्या गोंदाने सांगाड्याभोवतीचं कागदी कडं अर्ध्या वाटेत अडकतं आणि मग हलत नाही. तिथे पांढराच वापरा. गोंद कड्याला नाही, नळीच्या आत, कडं जिथे थांबणार त्याच्या किंचित अलीकडे लावा आणि सांगाडा एका दमात खुणेपर्यंत सरकवा. कड्याला लावलेला गोंद नळीच्या तोंडाशीच खरवडला जातो.

पंखांना मात्र वेळ द्या. बाल्साच्या शिरा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर आहेत ना, हे आधी पाहा. आडव्या असतील तर पंख उतरताना मोडतो. दाराच्या चौकटीच्या खाचेत नळी टेकवून सरळ रेघा मारा. रेघेवरची नळीची गुळगुळीत चकाकी बारीक पॉलिश पेपरने घालवा. मग पंखाच्या मुळाला आणि रेघेवर पिवळ्या गोंदाचा पातळ थर द्या, दाबा आणि लगेच उचला. दोन्हीकडे गोंद काही मिनिटं सुकू द्या. पुन्हा अगदी पातळ थर देऊन बसवा. आता पंख अर्ध्या मिनिटात धरतो आणि हात सोडला तरी कलत नाही. मागून डोळा लावून तिन्ही पंखांतलं अंतर तपासा.

दुसऱ्या दिवशी सांध्याच्या कोपऱ्यात गोंदाची कड भरा. रॉकेट आडवं, दोन पंख वर ‘व्ही’सारखे, बारीक धार सोडून ओल्या बोटाने एकदाच ओढा. एकदम जाड भरलं तर आकसतं, बुडबुडे येतात. दोन-तीन पातळ थर द्यावेत.

फेविक्विकने पंख लावू नका. तो सांधा कडक पण ठिसूळ, जमिनीवर आपटला की सुटतो. नळीच्या तोंडाची कड आतून कडक करायला मात्र तो उत्तम. खिडकी उघडी ठेवा. प्लॅस्टिकचं सिमेंट प्लॅस्टिकला प्लॅस्टिक जोडायलाच. हॉट ग्लू मोटरच्या उष्णतेने मऊ पडतो, तो नकोच. ॲराल्डाइटसारखं इपॉक्सी मोठ्या, ताकदवान रॉकेटांसाठी ठेवा. लहान रॉकेटच्या शेपटीत ते थापलं की तोल मागे सरकतो आणि रॉकेट सरळ उडत नाही.

म्हणून उडवण्याआधी तोल पाहायचाच. न वापरलेली मोटर, पॅराशूट, सगळं आत भरून रॉकेट जिथे समतोल राहतं तिथे दोरी बांधा, चिकटपट्टीने पक्की करा आणि मोकळ्या जागेत डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे राहिलं तर ठीक. रॉकेट आडवं-तिडवं फिरलं, तर नाकाच्या पोकळीत मॉडेलिंगची थोडी माती दाबून बसवा, समतोलाची नवी जागा शोधून दोरी तिथे सरकवा आणि पुन्हा फिरवून पाहा.