संस्थेचें संकेतस्थळ म्हणजे संस्थेचें दप्तर

हल्लीं अमरावती व अकोला जिल्ह्यांतील अनेक शेतकरी-संस्था व शेतकरी उत्पादक कंपन्या आपापलें संकेतस्थळ काढूं लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. माल वरुड-मोर्शीकडील संत्र्याचा असो कीं अकोटकडील कापसाचा असो, घेणारा व्यापारी भाव विचारण्यापूर्वीं मोबाइलवर संस्थेचें नांव शोधून पाहतो. परंतु उद्घाटनाच्या दिवशीं चढविलेला मजकूर आणि अध्यक्षांचें छायाचित्र यांपलीकडे ज्यांत पुढें कांहींच घडलें नाहीं, अशीं स्थळें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. आमची सारी नोकरी महसुली दप्तरांत गेली. त्या संवयीनें पाहतां आम्हांस असें वाटतें कीं, संकेतस्थळ ही शोभेची पाटी नसून तें संस्थेचें दप्तर आहे, आणि दप्तराचे जे नियम तेच त्यासही लागू पडतात. ते नियम येथें क्रमानें सांगतों.

१. साधनाची निवड. पूर्वी एका पानावरील एक ओळ बदलावयाची तरी संगणकाची सांकेतिक भाषा जाणणाऱ्याकडे जावें लागे. मजकूर-व्यवस्थापन प्रणालीनें ही अडचण दूर केली. या प्रणालींत मजकूर एका कोठारांत साठविलेला असतो व पानाची मांडणी निराळी ठेविलेली असते; लिहिणाऱ्यानें मजकूर भरावा, तो मांडून दाखविण्याचें काम प्रणाली करते. ड्रूपल (२००१), वर्डप्रेस (२००३) व जूमला (२००५) या तिन्ही प्रणाली विनामूल्य मिळतात. पैकीं वर्डप्रेस ही मॅट मलेनवेग व माइक लिटल या दोघांनीं २७ मे २००३ रोजीं प्रथम प्रसिद्ध केली. आज जगांतील शंभर संकेतस्थळांपैकीं चाळीसांहून अधिक तिच्यावर चालतात. तिचा कारभार मराठींतूनही पाहतां येतो, आणि ती जाणणारा माणूस सहज मिळतो; म्हणून लहान संस्थेस तीच सोयीची. मात्र प्रणाली विनामूल्य असली तरी स्थळाचें नांव, म्हणजे डोमेन, आणि मजकूर ठेवण्याची जागा, म्हणजे होस्टिंग, यांची फी द्यावी लागते, हें अंदाजपत्रक करतांना विसरूं नये.

२. नांवाचा सातबारा. डोमेन कायमचें विकत मिळत नाहीं. तें एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीनें नोंदवून मिळतें व मुदत संपण्यापूर्वीं नूतनीकरण करावें लागतें. आमच्या परिचयाच्या एका संत्रा-उत्पादक संस्थेची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. तिचें स्थळ ज्या तरुणानें मोठ्या आवडीनें उभारून दिलें, त्यानें डोमेनची नोंद स्वतःच्या नांवें व स्वतःच्या ईमेलवर केली होती. पुढें तो नोकरीनिमित्त परगांवीं गेला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर गेल्या, त्या कोणीं वाचल्या नाहींत. सवडीचे दिवस उलटले आणि तें नांव दुसऱ्याच कोणीं तरी घेतलें. आंबिया बहाराच्या पेट्यांवर तेंच नांव छापलेलें होतें! माल घेणारे तें उघडून पाहत, तों भलत्याच जाहिराती दिसत. त्या तरुणाचा हेतु वाईट नव्हता. झालें एवढेंच कीं, जमीन संस्थेनें कसली आणि सातबारा दुसऱ्याच्या नांवें राहिला. यास्तव डोमेन व होस्टिंग हीं दोन्ही संस्थेच्या नांवें, संस्थेच्या स्वतंत्र ईमेलवर व संस्थेच्याच मोबाइल क्रमांकावर नोंदवावीं. फी संस्थेच्या खात्यांतून भरावी. पावती दप्तरास लावावी. आणि मुदतीची तारीख सभेच्या इतिवृत्तांत लिहून ठेवावी. सन २०१४ पासून देवनागरींत '.भारत' हें नामांतही मिळतें. परंतु पेटीवर छापावयाचें मुख्य नांव सोपें, लहान व फोनवर सांगतां येईल असें असावें.

३. नोंद एकाची, प्रमाणन दुसऱ्याचें. फेरफाराची नोंद तलाठी, म्हणजे हल्लींचा ग्राम महसूल अधिकारी, घेतो. परंतु मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्यावांचून ती सातबाऱ्यावर चढत नाहीं. हाच विवेक या प्रणालींतही योजिलेला आहे. वर्डप्रेसमध्यें 'कॉन्ट्रिब्युटर' या दर्जाचा माणूस लिहूं शकतो, पण प्रसिद्ध करूं शकत नाहीं; 'एडिटर' तपासून प्रसिद्ध करतो; 'ॲडमिनिस्ट्रेटर' यास मात्र सारींच कुलपें उघडतां येतात. म्हणून लिपिकास पहिला दर्जा, चिटणिसास दुसरा, आणि तिसरा दोनच जबाबदार माणसांस द्यावा. एकच पासवर्ड सर्वांनीं वापरूं नये. तसें झाल्यास कोणता बदल कोणीं केला हें कळत नाहीं. खरेदी केंद्र सुरू होण्याची तारीख एका आंकड्यानें चुकली, तर चाळीस किलोमीटरवरून तूर भरून आलेल्या सभासदाचें भाडें वायां जातें, हें लक्षांत ठेवावें. लेखाच्या मागील आवृत्त्या प्रणाली जपून ठेविते; त्यामुळें झालेली चूक परत फिरवितां येते.

४. मजकूर कसा असावा. संस्थेची माहिती, पत्ता व सभासदत्वाचे नियम हीं स्थिर 'पानें' करावीं. बियाण्याची उपलब्धता, भाव व सभेच्या सूचना यांचे दिनांकासह 'लेख' करावे. दिनांकावांचून भाव म्हणजे तारखेवांचून पावती होय. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवर पानाच्या तळाशीं पाहावें: मजकूर कोणाचा, उभारणी कोणाची व शेवटचा बदल कोणत्या दिवसाचा, हें तेथें लिहिलेलें असतें. तोच कित्ता आपण गिरवावा. मजकूर युनिकोडमध्येंच टंकावा. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर तसाच चढविल्यास वाचणाऱ्यास इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि शोधूनही तो सांपडत नाहीं. छायाचित्रें शंभर-दोनशे केबीपर्यंत लहान करून लावावीं, कारण मेळघाटच्या पायथ्याचा सभासद तीं अशक्त सिग्नलवर उघडणार असतो. कीड-रोगांवरील सल्ला अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचा असेल, तर त्याची नक्कल न उतरवितां दुवा द्यावा. मूळ सल्ला बदलला तरी आपली नक्कल जुनीच राहते, आणि जुन्या सल्ल्यानें केलेली फवारणी शेतकऱ्यास भोंवते.

५. कुलूप. प्रणाली, थीम व प्लगइन यांच्या सुधारणा येतील तशा लावाव्या. बहुतेक घुसखोरी जुन्या राहिलेल्या प्लगइनच्या वाटेनें होते. नको असलेलें प्लगइन नुसतें बंद न ठेवितां काढून टाकावें. दाम देऊन घ्यावयाची थीम कोणी चोरून फुकट देऊं लागल्यास घेऊं नये. तींत पुष्कळदां चोरवाट ठेविलेली असते. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खातीं व मोबाइल क्रमांक स्थळावर केव्हांही चढवूं नयेत. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं सन २०२३ मध्यें स्वतंत्र कायदा झाला आहे, आणि कायदा नसता तरी सभासदाचा विश्वास ही संस्थेची ठेवच आहे.

६. नक्कल. संकेतस्थळाचे भाग दोन: फाइली आणि मजकुराचें कोठार, म्हणजे डेटाबेस. दोहोंची नक्कल आठवड्यास एकदां तरी घ्यावी व ती होस्टिंगबाहेर, संस्थेच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवावी. त्याच होस्टिंगवर ठेविलेली नक्कल म्हणजे घराची दुसरी किल्ली घरांतच ठेवून दार ओढून घेण्यासारखें आहे. शिवाय सहा महिन्यांतून एकदां त्या नकलेवरून स्थळ पुन्हां उभें राहतें कीं नाहीं, याची रुजुवात घ्यावी. जी नक्कल कधीं उघडून पाहिली नाहीं, तिच्यावर भिस्त ठेवतां येत नाहीं.

या सहा गोष्टींस मोठी विद्वत्ता लागत नाहीं. नेमस्त हात आणि नियमित तारीख लागते. येत्या मासिक सभेंत चिटणिसांनीं एवढेच प्रश्न विचारावे: डोमेन कोणाच्या नांवें आहे? त्याची मुदत केव्हां संपते? शेवटची नक्कल कोणत्या दिवसाची व ती कोठें आहे? या तिहींचीं उत्तरें कागदावर मिळालीं, तर दप्तर सुरक्षित आहे असें समजावें. न मिळालीं, तर दुसरें कोणतेंही काम हातीं घेण्यापूर्वीं तीं मिळवावीं.