बिरड्याचा सण : एका मंदिराचं सुतक

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त ठाण्याला असते. तिच्या शेजारी बेने इस्रायल (ज्यू) कुटुंब आहे. श्रावणात एक दिवस ती सगळी माणसं पाण्याचा थेंबही न घेता जमिनीवर बसून होती. घरात कुणी वारलेलं नव्हतं. मग हा कसला दिवस?
– एक वाचक, कुंडल (ता. पलूस, जि. सांगली)

उत्तर : तो ‘तिशा बेआव’, म्हणजे ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नवमी. त्यांचे महिनेही चंद्रावर चालतात, म्हणून ती बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध नवमीच्या आसपास पडते. २०२५ मध्ये ती ३ ऑगस्टला होती. शनिवारी आली तर शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी शोक नको म्हणून उपास रविवारी धरतात.

सुतक आहे ते जेरुसलेमच्या मंदिराचं. पहिलं मंदिर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनच्या फौजांनी पाडलं, दुसरं इ.स. ७० मध्ये रोमनांनी. यज्ञ आणि यात्रा यांचं ते मुख्य ठिकाण होतं. पुढची कितीतरी संकटं याच तिथीला जोडली गेली.

आव महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत मांस आणि मद्य वर्ज्य, लग्नकार्य नाही. उपास सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत. अंघोळ नाही, तेल नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत. रात्री सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) मंद उजेडात विलापगीत वाचतात. दुपारनंतर नियम थोडे सैल होतात, पण उपास सुटत नाही.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, आणि तेही दुसरं मंदिर पडण्याआधी. तरीही त्या मंदिराचं दुःख त्यांनी आपलं मानलं. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी या दिवसाचं कोकणातलं नाव नोंदवलं आहे : बिरड्याचा सण. वालाचं बिरडं, म्हणजे उसळ, या उपासाशी जोडलं गेलं, म्हणून हे नाव. ज्यूंमध्ये शोकाच्या जेवणात मसुरीसारखी कडधान्यं पूर्वीपासून आहेत; कोकणात त्यांची जागा वालाने घेतली असावी.

माणूस गेल्यावर सुतक आपणही पाळतो. पण एका वास्तूसाठी जवळजवळ दोन हजार वर्षं सुतक धरणं ही फार मोठी निष्ठा आहे. मुलीला एवढंच सांगा : नावात ‘सण’ असला तरी त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत. ज्यू रीतीप्रमाणे तेव्हा एकमेकांना अभिवादनही करत नाहीत. उपास सुटल्यावर शेजाऱ्यांकडे जरूर जावं आणि आपुलकीने विचारपूस करावी.