पुढच्या शॉकअपला हात लावण्याआधी

पोरा, शॉकअप कडक केला म्हणजे सुधारला, असं गल्लीतला प्रत्येक जण सांगेल. ऐकून घे आणि सोडून दे. चाक खड्ड्यात उतरून वर येतं तेव्हा टायरने रस्ता सोडू नये, एवढंच शॉकअपचं काम. दगडासारखा कडक शॉकअप ते काम करत नाही, नुसते हात दुखवतो.

आधी फुकटचं बघ. टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढी ठेव. गाडी डबल स्टँडवर घे, पुढचं चाक उचल, फोर्क खालून धरून पुढे-मागे हलव. खट् वाजलं तर हँडलचा कोन सेट सैल आहे, नाहीतर फोर्कच्या आतले बुश झिजलेत. हँडल हळू फिरवताना मध्यावर अडकलं तर कोन सेट बदलायचाच. हे तसंच ठेवून शॉकअपवर पैसे घालू नकोस.

चाक काढून बसवलंस की एक्सलचा नट आवळ, पण खालचा पिंच बोल्ट असेल तर सैल राहू दे. स्टँडवरून उतरव, पुढचा ब्रेक दाबून चार-पाच वेळा फोर्क दाब, मग पिंच बोल्ट आवळ. नाहीतर दोन्ही नळ्या एका रेषेत बसत नाहीत आणि चांगला शॉकअपही अडखळत चालतो.

आता माप घे. चाक हवेत असताना नळीचा उघडा भाग मोज. मग रोजच्या कपड्यांत गाडीवर बस, कुणाला तरी सरळ धरायला सांग आणि पुन्हा मोज. एकदा दाबून हळू सोडून मोजायचं, एकदा उचलून हळू सोडून. दोन्हींची सरासरी धर आणि ती पहिल्या मापातून वजा कर. शॉकअपची चाल 120 मिमी असेल, तर तू बसल्यावर तो 30 ते 40 मिमी बसावा. त्याहून जास्त बसला तर स्प्रिंगवर थोडा जाड स्पेसर टाक. पण लक्षात ठेव, स्पेसरने गाडीचं तोंड वर येतं, स्प्रिंग कडक होत नाही. ढीगभर स्पेसर लागत असेल तर तुझ्या वजनाला ती स्प्रिंगच मऊ आहे, ती बदल.

ऑइल काळं पडलेलं असतं, कारण आत धातू झिजतो. पुस्तिकेत लिहिलेलंच घाल, इंजिनाचं उरलेलं ओतू नकोस. स्प्रिंग बाहेर काढ, नळी पूर्ण दाब आणि तोंडापासून ऑइलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं कर. ऑइल वाढवलं की वर हवेला जागा कमी उरते आणि चालीच्या शेवटी फोर्क कडक होतो. फार भरलंस तर सील फुटतं. ऑइल जाड करायचं तर एकच पायरी वर जा. साध्या फोर्कमध्ये जाड ऑइल लहान छिद्रांतून जाताना अडतं आणि वेगात गतिरोधक आला की धक्का थेट मनगटात येतो.

टोपण उघडताना तोंड बाजूला ठेव, खाली स्प्रिंग दाबलेली असते. नळी धरणाऱ्या वरच्या टीचा बोल्ट सैल कर, खालचा घट्ट असतानाच टोपण ढिलं कर, मगच नळी काढ.

सील गळलं तर लगेच नवं आणू नकोस. कचरा अडकला असेल. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी घेऊन सीलच्या कडेने फिरव. पाइपवर नख अडकेल असा गंजाचा खड्डा असेल तर मात्र नवं सीलही तो फाडणार, पाइपच बघ. ब्रेकच्या पॅडला ऑइल लागलं असेल तर पॅड बदल, धुऊन चालत नाही.

आणि एका वेळी एकच बदल कर. रोजच्या त्याच रस्त्याने, त्याच वेगाने चालव, मापं वहीत लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने सुधारलं ते मलाही सांगता येणार नाही.